मीठ कमी पडलं नव्हतं

हे मी आजवर कुठंच बोललो नाही. सभेत नाही, मित्रांत नाही, आईजवळ तर नाहीच. तसा मी गप्प बसणारा माणूस नाही — अमरावतीत कलेक्टर ऑफिससमोर घसा बसेस्तोवर बोललो आहे, समोर पोलीस उभे असताना बोललो आहे, मोठमोठ्यांची नावं घेऊन बोललो आहे. पण हे नाही. लिहायला बसायच्या आधी, गेल्या आठवड्यात, फक्त एका माणसाला सांगून आलो. त्याला हे छापलेल्या कागदावरून कळणं बरं दिसलं नसतं. बरं दिसलं नसतं — पाहा, अजूनही मला दिसण्याचीच पडली आहे.

मी पत्रकं लिहितो. कॉलेजात असल्यापासून तेच करतो. तुम्ही एसटी स्टँडवर उभे असता, कुणीतरी हातात कागद कोंबतं, तुम्ही तो वाचता किंवा त्यात शेंगदाणे बांधता — तो कागद माझा असू शकतो. पत्रक लिहिण्याचीही एक शिस्त असते. वर आरोळी, मधे राग, खाली मागणी. अक्षर मोठं. वाक्य छोटं. वाचणाऱ्याला विचार करायला जागा ठेवायची नाही, नाहीतर तो विचार करतो आणि निघून जातो. हे मला चांगलं जमतं. बढाई म्हणून सांगत नाही. जे झालं ते मला हे चांगलं जमतं म्हणूनच झालं.

आमची मोहीम जुन्या बॅटऱ्यांची होती. मोबाइलच्या, लॅपटॉपच्या, फुगून बसलेल्या पॉवर बँकेच्या. त्यांच्यात लिथियम असतं, कोबाल्ट असतं, निकेल असतं, तांबं असतं. हेच धातू काढायला दूरदेशी डोंगर फोडतात, माणसं मातीत गाडून घेतात. आणि आपण? आपण तेच धातू नालीत फेकतो. मेळघाटात धारणीकडं गेलो होतो, तिथल्या नाल्यात मला मोबाइलच्या बॅटऱ्या सापडल्या, जिथं मोबाइलला धड रेंज नाही तिथं. परवाना असलेले कारखाने या बॅटऱ्या दळतात, त्यांची काळी पूड करतात, पुडीतून धातू वेगळे काढतात आणि त्याची पुन्हा नवी बॅटरी होते. मग गावातल्या कपाटापासून त्या कारखान्यापर्यंतचा रस्ता कुणी बांधायचा? विकणाऱ्यानं? नगरपालिकेनं? आम्ही सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. मग म्हटलं, आम्हीच बांधतो.

अडचण एकच होती. अशी बॅटरी टाकून दिली तरी तिच्यात वीज शिल्लक असते. पिशवीत भरून बसमधून नेताना एकीला एक घासली तर पेट घेते. आमचे रसायनशास्त्राचे निवृत्त सर होते, त्यांनी उपाय सांगितला. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की वीज उतरली, बॅटरी मेली. मग सुकवून द्यायची. सरांनी हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, आणि मी त्याचं पत्रक केलं.

येतो, मुद्द्यावर येतो. आधी मामी सांगू द्या.

शोभामामी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची बायको. ते अकोल्याचे, मोर्णा नदीच्या पलीकडं राहणारे. घरची फुलशेती — झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. मामा बाजारात बसायचा, आणि मामी सकाळी कॉलन्यांमधून फुलपुडे वाटायची. लोक गेटाला एक कापडी पिशवी लटकवून ठेवतात, त्यात पुडा टाकून पुढं जायचं. उरलेला दिवस हार. मामीचे हात हार गुंफताना तुम्ही पाहायला हवे होते. ती बोलायची तुमच्याशी, पाहायची चुलीकडं, आणि बोटं आपली गाठी मारत जायची, जणू ती दुसऱ्याच कुणाची.

माझं पत्रक अकोल्यात सगळ्यात आधी तिनं उचललं. तिनं काय केलं माहीत आहे? ज्या पिशवीत ती फुलं टाकायची, त्याच पिशवीत लोकांना जुन्या बॅटऱ्या टाकून ठेवायला सांगितलं. सकाळी पुडा ठेवायचा, बॅटरी काढून घ्यायची. आम्ही वर्षभर सभा घेऊन जे करू शकलो नाही ते तिनं टोपली डोक्यावर घेऊन केलं. एका बाईनं नाक मुरडलं — देवाच्या फुलाच्या पिशवीत असला कचरा? मामी म्हणाली, "फुलं देवाची, बॅटरी माह्या भाच्याची. दोघायचं भांडन नाई ना होत, मंग तुमाले काय त्रास?"

घरी तिनं पत्रक भिंतीला चिकटवलं होतं. खाली टब, टबात मिठाचं पाणी. मी गेलो की ती बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवायची आणि विचारायची, "बरोबर करून राहिली ना मी?" तिचं बरोबरच असायचं. कागदावर जे होतं त्याच्या बाहेर तिनं कधी पाऊल टाकलं नाही.

मामानं फुलं न्यायला ई-रिक्षा घेतली होती. तिची लिथियमची पेटी, म्हणजे मोठी बॅटरी, म्हातारी झाली, मेकॅनिकनं नवी बसवली आणि जुनी मामाच्या हवाली केली. मामा ती भंगारात टाकणार होता. मामी म्हणाली, भंगारवाल्याला कशाला, बाबूला देऊ. बाबू म्हणजे मी. तिनं पेटी ड्रममध्ये बुडवली, मीठ टाकलं. बुडबुडे आले, थांबले. तिनं पेटी बाहेर काढली, उन्हात सुकवली, आणि दुपारी ओट्यावर बसून पेचकसानं तिचं झाकण काढायला घेतलं — लोखंड वेगळं, आतला माल वेगळा, अशी चोख विभागणी करून द्यायची म्हणून. मला बरं वाटावं म्हणून.

पेटी मेली नव्हती.

शेजारचे सांगतात, आधी फटाक्यासारखा आवाज आला, मग धूर, आणि धुरातून जाळ. मामीनं पेटी सोडली नाही. का सोडली नाही? बाजूला हारांची टोपली होती, तिच्यावर पडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी लोटत राहिली. शेजाऱ्यांनी ओलं गोणपाट टाकलं, माती टाकली. मामा बाजारातून पळत आला. मी अमरावतीहून बस पकडून निघालो, मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मला फोनवर कळलं की जीव वाचला आहे, हात वाचतील की नाही माहीत नाही.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. इथपर्यंत मीसुद्धा अनेकदा सांगितलं आहे, सभांमध्ये सांगितलं आहे, आवाज खाली आणून सांगितलं आहे. याच्या पुढचं सांगितलेलं नाही.

सरांनी लिहून दिलेल्या कागदात शेवटी दोन ओळी होत्या. "हे फक्त मोबाइलच्या लहान बॅटऱ्यांसाठी. गाडीची पेटी पाण्यात टाकू नये, उघडू नये. जशीच्या तशी आणून द्यावी."

त्या ओळी पत्रकात नव्हत्या.

त्या सरांकडून राहिल्या नाहीत. प्रेसवाल्याकडून गळल्या नाहीत. मी काढल्या. मला तो प्रेस आठवतो, तो कूलरचा आवाज आठवतो, ऑपरेटर पोरगा चहाचा ग्लास की-बोर्डाजवळ ठेवून म्हणाला होता, "दादा, दोन ओळी बसून नाई राहिल्या. अक्षर बारीक करू का काई काढू?" अक्षर बारीक करायचं नाही, हा आमचा नियम. मग काय काढायचं? पत्रकाच्या वर माझी घोषणा होती, जाड अक्षरात, दोन ओळींत —

तुमच्या घरात खाण आहे,
तुम्हाला याची जाण आहे?

ती मला एसटीत सुचली होती, आणि सुचली तेव्हा मी एकटाच हसलो होतो. मोठ्या आनंदानं. ती काढली असती तर जागा झाली असती. पण घोषणा माझी होती. सूचना सरांची होती. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, या खालच्या काढ. कुणाच्या घरी गाडीची पेटी असते? असं मनातल्या मनात म्हटलं. की म्हटलंच नव्हतं, नंतर स्वतःला सांगायला जोडलं? आता मलाही खात्री देता येत नाही. खात्री एवढीच आहे की चहा गार व्हायच्या आत तो निर्णय झाला.

आणि तरीसुद्धा — थांबा — मी जे कबूल करायला बसलो ते एवढंच असतं तर कदाचित मी ते आधीच करून मोकळा झालो असतो. चूक झाली, घाई झाली, वय लहान होतं. लोक पाठीवरून हात फिरवतात अशा वेळी. खरं त्याच्या पुढं आहे.

सरकारी दवाखान्यात मामीला भेटायला गेलो तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते आणि पोटावर ठेवले होते, दुसऱ्याच्या सामानासारखे. चेहरा एका बाजूनं सुजलेला. मामा बाहेर औषधं आणायला गेला होता. खोलीत बाकी रोगी होते, पण आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी सांगणार होतो. मी खरंच सांगणार होतो — की हेही नंतर जोडलं? नाही, हे खरं आहे, बसमध्ये मी वाक्य जुळवत होतो. मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं.

"बाबू, मले एक सांग. मीठ कमी पडलं का रे?"



"मले तवाच वाटलं," ती म्हणाली. "घरी खडे मीठ होतं. थोडंसंच उरलं होतं, म्हनलं होते एवढ्यात. तुह्या कागदावर तं बरोबर लिहेल होतं. माह्याच हातून कमी पडलं असन. नाई?"

तिला उत्तर हवं होतं. आणि तिनं ते स्वतःच तयार करून, माझ्यासमोर ताट वाढावं तसं ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

"हो मामी," मी म्हणालो. "मीठ कमी पडलं असन."

हे ते. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मीठ कमी पडलं नव्हतं. गाडीच्या पेटीत पुष्कळ सेल एकाला एक जोडलेले असतात. मिठाचं पाणी आधी त्या पेटीची बाहेरची टोकंच खाऊन टाकतं. टोकं गंजली की बुडबुडे थांबतात, बाहेरून पेटी मेल्यासारखी दिसते, आत वीज तशीच बसलेली असते. तिनं पोतंभर मीठ टाकलं असतं तर टोकं अजून लवकर गंजली असती, बस. हे मला त्या खोलीत उभा असताना माहीत होतं का? सगळं शास्त्र नव्हतं माहीत. पण दोन ओळी माहीत होत्या. तेवढं पुरेसं होतं.

मी हो म्हणालो तेव्हा तिला हायसं वाटलं, हे मला विसरता येत नाही. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. माझा भाचा चुकला नाही, माझंच चुकलं. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. ती म्हणाली, "जाऊ दे मंग. तू नोको जिवाले लावून घेऊ." तिनं मला समजावलं. पट्ट्यांतले हात उचलता येत नव्हते म्हणून हनुवटीनं खूण केली, बस म्हणाली, जेवलास का विचारलं.

मी जेवलो नव्हतो. मामा आला, त्यानं मला खाली नेऊन पोहे खाऊ घातले. मी ते खाल्ले.

पुढच्या आठवड्यात मी पत्रक काढलं. मथळा: "जबाबदार कोण?" माझ्या सगळ्या पत्रकांत ते सगळ्यात जास्त वाटलं गेलं. त्यात मी जुनी पेटी ग्राहकाच्या गळ्यात टाकणाऱ्या कंपन्यांना धुतलं, झोपलेल्या पालिकेला धुतलं, जुनी पेटी परत न घेणाऱ्या दुकानदाराला धुतलं. सगळं खरं होतं! एकही आरोप खोटा नव्हता, आजही मी ते सगळे आरोप पुन्हा करीन. फक्त यादीत एक नाव नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या माणसानं सभेनंतर माझा हात धरून म्हटलं, तुझ्यासारखी खरं बोलणारी पोरं हवीत. मी त्याला काय म्हटलं? मी धन्यवाद म्हटलं.

सरांचा फोन आला. त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी विचारलं, गाडीच्या पेटीबद्दलची सूचना छापली होती ना? मी म्हटलं, छापली होती सर. ते म्हणाले, लोक वाचत नाहीत रे. मी म्हटलं, नाही वाचत सर. त्यांनी पत्रक मागितलं नाही, आणि मी पाठवलं नाही.

बॅटऱ्यांच्या नव्या पत्रकात मी त्या दोन ओळी घातल्या. ठळक घातल्या. पुढं कुणाला इजा झाली नाही, हे खरं आहे, आणि हे माझ्या बाजूनं मी सांगत नाही. कारण त्याच पत्रकात मी असंही लिहिलं की अकोल्यातील एका भगिनीकडून मीठ कमी पडल्यामुळे दुर्घटना घडली, सबब मोबाइलच्या बॅटरीसाठीही मीठ पुरेसं टाकावं. ती कल्पना मामीची होती. तिनंच सांगितलं होतं, माझं उदाहरण दे, नाव दिलं तरी चालेल, म्हणजे दुसऱ्या बाईच्या हातून असं व्हायचं नाही. नाव मी दिलं नाही. मला वाटलं, मी तिच्यावर उपकार करतो आहे.

पट्ट्या निघाल्या तेव्हा बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती. डाव्या हाताची तर मूठच झाली होती, अर्धवट मिटलेली. फुलपुडे वाटणं सुटलं, हार सुटला. कधी कधी ती बसल्या बसल्या ती मूठ हलवायची — अंगठा पुढं, मागं — आणि मला कळायचं की ती गाठ मारते आहे. मग तिला माझी नजर दिसायची आणि ती हात पदराखाली घ्यायची.

मामा तिला भरवायचा. रोज. बाजारातून येऊन, हात धुऊन, स्वतःच्या हातानं घास करून. आणि प्रत्येक वेळी टोमणा मारायचा. मामाला प्रेम असंच करता येतं. "खाय वो. आज मीठ बरोबर हाय, मी टाकलं." किंवा, "भाजीत मूठ मूठ टाकाची, अन् जिथं टाकाले पाह्यजे तिथं हात आखडला." पाहुणे आले की तो सांगायचा, आमच्या घरी मिठाचा हिशेब उलटा आहे. सगळे हसायचे. मामीही हसायची, अर्ध्या चेहऱ्यानं, आणि म्हणायची, "माह्याच कर्माचं हाय, बोला." मी तिथं असायचो. पाटावर बसलेला, त्याच भाजीची वाटी पुढ्यात घेऊन. मी कधी उठलो का? मी कधी म्हटलं का, मामा, पुरे? एकदा म्हटलं. म्हटलं, जाऊ द्या ना मामा, झालं गेलं. मामी म्हणाली, "पाहा, भाच्याले कळते. तुमाले नाई कळत." आणि मी तिचा आवडता भाचा अजूनच आवडता झालो.

सांगायला वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही. वर्षं होती. आम्ही दोघंच घरात असलेल्या दुपारी होत्या. तिनं स्वतःहून विषय काढलेले प्रसंग होते. एकदा तर ती म्हणाली, "कधी कधी वाटते रे, मी मीठ बरोबरच टाकलं होतं. ड्रम पांढरा दिसून राहिला होता." आणि माझ्याकडं पाहिलं. तिनं दार उघडून दिलं होतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, आता कशाला आठवता ते, मामी. तिनं मान हलवली. "होय," म्हणाली, "माहीच समजूत मी काढून राहिली." आणि नंतर तिनं तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

म्हणजे तिला आठवत होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरोबर आठवत होतं, आणि माझ्या शब्दासाठी तिनं ते खोटं ठरवलं. हे मी तिच्याकडून घेतलं. हातांच्या नंतर हेही.

यंदाच्या थंडीत ती गेली. छाती भरली, दवाखान्यात नेलं, आठवडाही काढला नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आधीपासूनच अधू होती. त्या दिवशीचा धूर? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही आणि मला वाटतं, उत्तर मला माहीत आहे.

तेरवीला मामानं तिच्या नावाचं ताट स्वतः वाढलं. तिला आवडायचं ते सगळं — वांग्याची भाजी, वरणभात, पुरणपोळी. शेवटी ताटाच्या कडेला मीठ वाढताना त्याचा हात थांबला. चिमूटभर ठेवलं. मग अजून ठेवलं. मग मूठभर. आणि त्या ताटाला म्हणाला, "घे वो. आता तरी कमी नोको पडू देऊ."

बायका रडता रडता हसल्या. मामाही तसाच काहीतरी हसला. तो टोमणा नव्हता, त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं एवढंच. मी पत्रावळी उचलण्याच्या निमित्तानं मागच्या दारानं बाहेर गेलो आणि शेवंतीच्या वाफ्यात ओकलो. मग तोंड धुऊन आत आलो आणि पंगत वाढली. त्याही दिवशी मी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात बोललो. मामा ओट्यावर बसून हार करत होता. मामीनंतर नाही, मामीचे हात गेल्यापासूनच तो शिकला होता. त्याच्या गाठी सैल बसतात, पण गिऱ्हाईक समजून घेतं. मी समोर बसलो आणि सांगितलं. प्रेस, दोन ओळी, दवाखाना, तिथलं माझं ते 'हो'. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. पत्रकासारखं सांगितलं — छोटी वाक्यं. मला तेवढंच येतं.

मला वाटलं तो मारील. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. मारलं असतं तर काहीतरी फिटल्यासारखं झालं असतं. त्यानं हात उचलला नाही. हातातला दोरा तसाच धरून बसला. समोरून एक गिऱ्हाईक आलं, झेंडूचा भाव विचारला, मामानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ते निघून गेलं.

मग म्हणाला, "म्हंजे तिनं मीठ बरोबर टाकलं होतं."

"हो मामा."

"तिले माईत होतं?"

मी म्हटलं, नाही.

"मी तिले रोज..." तो म्हणाला, आणि उजव्या हाताची बोटं त्यानं घास धरतात तशी जुळवली, आणि त्यांच्याकडं पाहत राहिला.  बराच वेळ ती बोटं तशीच हवेत होती.

मी सत्य सांगायला गेलो होतो. सांगून आलो. माझं ओझं मी उचललं आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवून आलो. त्यानं तिला भरवलेला एकेक घास आता त्याला परत गिळावा लागणार आहे. हे मला तिथं जाईपर्यंत सुचलं नव्हतं. न सांगण्यानं एकाचं गेलं, सांगण्यानं दुसऱ्याचं गेलं, आणि दोन्ही वेळा ज्याचं गेलं तो मी नव्हतो.

शेवटी तो म्हणाला, "जाय आता तू."

मी उठलो, चप्पल घातली. त्यानं थांब म्हटलं नाही. ओट्याच्या पायरीवरून मी एकदा मागं वळून पाहिलं, तर तो कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. घरात तर दुसरं कुणीच नव्हतं. मला पहिलेच दोन शब्द ऐकू आले, "ऐक वो..." आणि पुढचं त्यानं खूप खालच्या आवाजात सांगितलं.

ते तिला मी सांगायचं होतं.